पियानोचं ओझं कुणी उचलायचं?

‘बेन फोल्ड्स फाइव्ह’ या बँडच्या नावात पाचाचा आकडा असला तरी माणसं तीनच होती. बेन फोल्ड्स पियानोवर बसून गायचा, रॉबर्ट स्लेज बास गिटार वाजवायचा आणि डॅरेन जेसी ड्रम. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या बहुतेक होतकरू पोरांच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलची ही तीन पोरं मात्र बेबी ग्रँड पियानो गाडीत घालून गावोगावच्या क्लबांमध्ये वाजवत फिरत होती. क्लबपाशी पोचलं की पियानो उतरवायचा, कलता करून दारातून आत न्यायचा, पाय जोडायचे, वाजवायचं आणि कार्यक्रम संपला की पाय सोडवून पुन्हा गाडीत चढवायचा. लहानातला ग्रँड पियानो म्हटला तरी त्याचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं.

आपल्याकडचा पेटीवाला पेटी हातात धरून एसटीत चढतो. गिटारवाला गिटार पाठीला लावून कुठंही जातो. पियानोवाल्याला ही सोय नाही. मैफिलींसाठीचा स्टाइनवेचा ‘डी’ पियानो २७४ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं वजन सुमारे ४८० किलो. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात आणि हवा बदलली, पियानो हलवला की त्या उतरतात. त्यामुळे पियानो आणण्याचा खर्च वेगळा आणि तो सुरात लावून घेण्याचा वेगळा. छोट्या क्लबात पियानो असलाच, तर तो शेवटचा कधी लावला होता हे कुणाला आठवत नसतं. १९७० च्या दशकात यामाहानं ‘सीपी-७०’ नावाचा दोन भागांत सुटणारा इलेक्ट्रिक ग्रँड काढला तो याच अडचणीपायी. आज बरेच जण लाल रंगाचा स्वीडिश ‘नॉर्ड’ कीबोर्ड घेऊन फिरतात. तो एकट्यानं उचलता येतो, पण लाकडाची घुमी कंपनं त्यातून मिळत नाहीत, आणि ज्यांची गाणी त्या कंपनांवरच उभी आहेत त्यांना ही उणीव रोज जाणवते.

हा तपशील सुरुवातीलाच सांगण्याचं कारण आहे. पियानोवर स्वतःची गाणी रचणाऱ्या, स्वतंत्र म्हणवणाऱ्या गायक-गायिकांबद्दल बोलताना चर्चा बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरते: पाठीशी रेकॉर्ड कंपनी होती की नव्हती? गेल्या पन्नासेक वर्षांतल्या काही कारकिर्दी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की त्याहून मोठा प्रश्न दिसू लागतो. ओझं कोण उचलतं? वाद्याचं, स्टुडिओच्या भाड्याचं आणि गाणं सुचेपर्यंत जाणाऱ्या रिकाम्या दिवसांचं. कधी ते कंपनी उचलते, कधी टीव्ही मालिका, कधी चाहते, तर कधी दुसरी नोकरी. आणि जो उचलतो त्याचा गाण्यावर कमीजास्त हक्क येतो.

कंपनीनं उचललेल्या ओझ्याची किंमत किती असते, हे बिली जोएल या पियानोवाल्या गायकाच्या सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९७१ साली त्याचा पहिला एकल अल्बम ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’ आला तो चुकीच्या गतीनं उतरवलेला. टेप जलद फिरल्यामुळे त्याचा आवाज होता त्याहून वर चढलेला, पातळ झालेला. आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा अशी ती तबकडी दुकानात गेली. करार इतका जाचक होता की त्यातून सुटेपर्यंत तो लॉस एंजेलिसला गेला आणि विल्शर बुलेव्हार्डवरच्या एका बारमध्ये ‘बिल मार्टिन’ या खोट्या नावानं पियानो वाजवू लागला. त्या बारमधली गिऱ्हाइकं पुढं ‘पियानो मॅन’ या गाण्यात आली. तो कोलंबिया या कंपनीकडं गेला, जगभर पोचला, तरी जुन्या करारापायी त्याच्या कमाईतला वाटा वर्षानुवर्षं त्याच्या पहिल्या निर्मात्याकडं जात राहिला. नंतरच्या पिढीतले पियानोवाले करारावर सही करण्याआधी दहादा विचार करू लागले, त्याच्या मुळाशी असे अनुभव आहेत.

टोरी एमॉसचा उल्लेख इथं ओघानं येतो. पाचव्या वर्षी बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत विद्यालयात प्रवेश मिळालेली ही मुलगी तेराव्या वर्षी वॉशिंग्टनच्या बारांमध्ये वाजवत होती आणि धर्मोपदेशक वडील सोबतीला येऊन बसत. १९९२ च्या ‘लिटल अर्थक्वेक्स’नंतर तिचा दबदबा इतका वाढला की पुढं पियानोवर बसलेल्या कुठल्याही बाईची तुलना आधी तिच्याशीच होऊ लागली. ती स्वतः मोठ्या कंपनीची कलाकार होती. पण पियानो हे हळव्या, सौम्य गाण्यांचं वाद्य आहे हा समज तिनं मोडून काढला आणि पुढच्यांसाठी जागा करून दिली.

स्वतंत्र राहणं परवडू लागलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. सीडी छापणं स्वस्त झालं होतं, पण ती विकायची कुठं हा पेच होता. मोठी दुकानं कंपनीविना आलेल्या माणसाला दारात उभं करत नव्हती. १९९८ साली न्यू यॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये डेरेक सिव्हर्स या संगीतकारानं आपली सीडी इंटरनेटवर विकायला ठेवली. ओळखीचे संगीतकार म्हणाले, आमचीही ठेव. त्यातून ‘सीडी बेबी’ उभं राहिलं. एका अल्बमच्या नोंदणीचे ३५ डॉलर आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक सीडीमागं ४ डॉलर ते घेत. म्हणजे पंधरा डॉलरला सीडी गेली तर अकरा डॉलर कलाकाराच्या हातात. कंपनीच्या करारात कलाकाराला सीडीमागं मिळे त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती. हजारभर सीडी विकणाऱ्यालाही त्यामुळे पुढचा अल्बम करण्याचा धीर आला.

रेजिना स्पेक्टर याच काळातली. १९८० साली मॉस्कोत जन्मलेली ही मुलगी नऊ वर्षांची असताना कुटुंबासह सोव्हिएत संघ सोडून न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये आली. घरातला पेट्रॉफ पियानो मागं ठेवावा लागला. नव्या शहरात घरी पियानो नव्हता, तर पोरगी टेबलावर, हाताला लागेल त्या टणक पृष्ठभागावर बोटं चालवत बसायची. पुढं सिनेगॉगच्या तळघरात एक पियानो सापडला आणि तिथं सराव सुरू झाला. तिच्या वाजवण्यातलं बरंच काही त्या टेबलांवरून आलंय असं वाटत राहतं. ‘पुअर लिटल रिच बॉय’ हे गाणं ती रंगमंचावर गाते तेव्हा एक हात पियानोवर असतो आणि दुसऱ्या हातातल्या ड्रमच्या काठीनं ती शेजारच्या लाकडी खुर्चीवर ठोके देत असते. दुसरा वादक नाही, रेकॉर्ड केलेला ताल नाही. एक खुर्ची, एक काठी, एक पियानो आणि त्यावरून घसरत, थबकत, मध्येच श्वास गिळत जाणारा आवाज. पैसे नसताना जे जवळ होतं त्यातून तयार झालेली ही शैली आहे आणि म्हणूनच तिची नक्कल कुणाला जमत नाही.

२००१ साली तिनं ‘इलेव्हन इलेव्हन’ हा अल्बम स्वतः काढला आणि कार्यक्रमांच्या ठिकाणी विकला. त्यानंतरचा ‘साँग्ज’ एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेजमधल्या ‘अँटी-फोक’ मंडळींमध्ये तिचं नाव झालं, ‘द स्ट्रोक्स’ या बँडनं २००३ मध्ये तिला दौऱ्यावर नेलं आणि ‘सोव्हिएत किच’ हा अल्बम पुढं सायर या कंपनीनं नव्यानं प्रकाशित केला. तिथून स्वतंत्रपणाचा टप्पा संपला. त्यात गैर काही नाही. २००६ च्या ‘बिगिन टु होप’मध्ये तिचा आवाज मोठ्या स्टुडिओतही तिचाच राहिला. एवढंच की खुर्चीची जागा इतर वाद्यांनी घेतली, आणि ते थोडं खटकतं.

इन्ग्रिड मायकेलसनला वेगळं दार उघडलं. न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडची ही गायिका लहानपणापासून पियानो शिकलेली. कुठल्याही कंपनीशी करार न करता ती आपल्याच ‘केबिन २४’ या नावाखाली अल्बम काढत होती. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या टीव्ही मालिकेनं तिची गाणी वापरली, २००७ मध्ये एका कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत ‘द वे आय अ‍ॅम’ वाजलं आणि ती घराघरात पोचली. गाण्यांचे हक्क तिच्याकडंच असल्यानं पैसाही थेट तिच्याकडं आला. पण मालिकेत गाणं जातं ते प्रसंगाला साजतं म्हणून. दवाखान्यातल्या निरोपाच्या प्रसंगामागं वाजायला जे गाणं चालतं त्याची एक चाकोरी असते, आणि त्या काळातले कितीतरी पियानो-अल्बम त्या चाकोरीत जाऊन बसले.

या सगळ्यांत जिच्या कारकिर्दीवर सगळ्यात कमी लिहिलं गेलं आणि जिच्याकडून सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे ती व्हिएना टेंग.

तिचं खरं नाव सिंथिया शिह. आईवडील तैवानहून आलेले, जन्म १९७८ चा, वाढली कॅलिफोर्नियातल्या साराटोगात. पाचव्या वर्षी पियानो सुरू झाला. रंगमंचासाठी नाव घेताना तिनं पाश्चात्त्य संगीताचं माहेर असलेलं व्हिएना शहर आणि चिनी भाषकांच्या घरोघरी जिची गाणी वाजत ती तैवानची गायिका तेरेसा टेंग यांची जोड घातली. स्टॅनफर्डमध्ये तिनं संगणकशास्त्र घेतलं, तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यांविना गाणाऱ्या गटात गायली आणि २००० मध्ये पदवी घेऊन सिस्को कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागली. दिवसा नोकरी, संध्याकाळी गाणं. आयटीतल्या मराठी घरांमध्ये ही दिनचर्या कुणाला नवी वाटणार नाही. पुण्यात, बंगळुरात आणि खुद्द त्याच कॅलिफोर्नियाच्या खाडी परिसरात ऑफिसचा लॅपटॉप मिटून रियाजाला बसणारे कितीतरी जण आहेत.

दोन वर्षांनी, २००२ मध्ये, ‘व्हर्ट रेकॉर्ड्स’ या लहानशा कंपनीशी करार झाला तेव्हा तिनं नोकरी सोडली. पहिला अल्बम ‘वेकिंग आवर’ त्याच वर्षी आला. पियानो आणि आवाज, मागं थोडीशी तारवाद्यं, असा त्याचा साधा बांधा आहे. राष्ट्रीय रेडिओवर तिची मुलाखत झाली, डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात ती गायली आणि एका इंजिनिअर मुलीचं नाव देशभर झालं. २००४ चा ‘वॉर्म स्ट्रेंजर्स’ आणखी आत्मविश्वासाचा. त्याच्या अखेरीस तिनं ‘ग्रीन आयलंड सेरेनेड’ हे जुनं चिनी गाणं गायलंय, अल्बमच्या यादीत नाव न छापता.

मग ‘राउंडर’च्या छत्राखालच्या ‘झोई’ या कंपनीकडून दोन अल्बम आले. २००६ चा ‘ड्रीमिंग थ्रू द नॉइज’ गायिका जोनी मिचेलसोबत काम केलेल्या लॅरी क्लाइननं केला. त्यातलं ‘सिटी हॉल’ हे गाणं नेमक्या घटनेवर आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात केली आणि महापालिकेच्या इमारतीबाहेर रांगा लागल्या. काही महिन्यांत न्यायालयानं ती लग्नं रद्द ठरवली. टेंग या गाण्यात घोषणा देत नाही. त्या रांगेत जाऊन उभ्या राहिलेल्या एका जोडप्याच्या त्या दिवसातच ती थांबते. २००९ चा ‘इनलंड टेरिटरी’ तिनं तालवादक अ‍ॅलेक्स वाँगसोबत केला. त्यात आजी आपल्या गाणाऱ्या नातीला जगण्यावरून सुनावते असं एक गाणं आहे, टाळ्या-ठेक्यावर उभं. पोटापाण्याचं काय, हा आजीचा प्रश्न कुठल्याही भाषेतल्या घरात ओळखीचा आहे.

त्या प्रश्नाला टेंगनं पुढच्या वर्षी दिलेलं उत्तर पाहून तिचे चाहते बुचकळ्यात पडले. २०१० मध्ये, कारकीर्द चढती असताना, ती मिशिगन विद्यापीठात शिकायला गेली. व्यवसाय व्यवस्थापन आणि पर्यावरण अशा दुहेरी पदव्युत्तर पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिनं घेतला. अनेकांनी याला निवृत्ती मानलं. त्याची कारणमीमांसा करताना एक गोष्ट नजरेतून सुटते: दौरे, मुलाखती, पुढच्या अल्बमची तारीख या चक्रात जे लिहून होत नव्हतं ते तिला आता लिहायचं होतं. ते तिनं या चक्राबाहेर जाऊन लिहिलं.

तिकडं दुसऱ्या टोकाला पियानोवर गाणारी अमांडा पामर होती. बॉस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये ती काही वर्षं आठ फुटी नवरीच्या वेशात, तोंडाला पांढरा रंग फासून, पुतळ्यासारखी उभी राहायची आणि कुणी पैसे टाकले की त्याच्या हातात फूल द्यायची. २००० साली ब्रायन व्हिग्लिओनीसोबत तिनं ‘ड्रेस्डेन डॉल्स’ हा बँड सुरू केला. पियानो आणि ड्रम, बस्स. ‘रोडरनर’ या हेवी मेटल संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीशी झालेला करार तिला नकोसा झाला आणि २०१० मध्ये ती त्यातून सुटली. तिचा पहिला एकल अल्बम घडवायला मदत कुणी केली होती? त्याच बेन फोल्ड्सनं.

२०१२ मध्ये तिनं किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पुढच्या अल्बमसाठी एक लाख डॉलर मागितले. २४,८८३ लोकांनी मिळून ११ लाख ९२ हजारांहून जास्त डॉलर दिले. संगीतासाठी असं आधी कधी झालं नव्हतं. छपाई, टपाल, सजावट, दौरा यांवर पैसे कसे जाणार हे तिनं उघडपणे मांडलं. आणि मग त्याच वर्षी, दौऱ्यात गावोगावच्या वादकांनी मानधनाशिवाय साथीला यावं असं आवाहन केल्यावर तिच्यावर टीकेची झोड उठली. दहा-बारा लाख डॉलर हातात असताना वादकाला फुकट बोलावणं चूकच होतं. तिनं निर्णय फिरवला आणि पैसे दिले. पुढं ती ‘पेट्रिऑन’वर गेली, जिथं तिचे चाहते दर कामामागं ठरावीक रक्कम देऊ लागले. तिचा मार्ग सच्चा आहे, पण तो सगळ्यांना झेपणारा नाही. त्यात चाहत्यांशी अहोरात्र बोलत राहावं लागतं, आणि स्वतःचं खासगी दुःखही त्या बोलण्याचा भाग होतं. कंपनी सुटली, तरी हजारो माणसांची अपेक्षा रोज दारात उभी असते.

या मार्गातला धोका २०१९ मध्ये दिसला. ‘प्लेजम्युझिक’ ही चाहत्यांकडून पैसे गोळा करून देणारी कंपनी बुडाली आणि अनेक कलाकारांचे त्यांच्याच चाहत्यांनी दिलेले पैसे अडकले. याच कंपनीमार्फत २०१२ मध्ये ‘बेन फोल्ड्स फाइव्ह’नं पुन्हा एकत्र येऊन अल्बम काढला होता. तेव्हा ती स्वतंत्र कलाकारांची वाली मानली जायची.

स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यात सांगता येईल. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजारदा वाजलं नाही तर त्याचे ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. नव्या, अनोळखी गायिकेच्या अल्बममधली निम्मी गाणी सहज या रेषेखाली राहू शकतात. ‘बँडकॅम्प’ हे गाणी विकणारं संकेतस्थळ डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के घेतं आणि मार्च २०२० मध्ये, मैफिली बंद पडल्या तेव्हा, त्यांनी काही शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली. मदत मोलाची, पण त्यातून पियानोचं भाडं निघत नाही.

आणि म्हणून पुन्हा मिशिगनकडं. टेंगनं विद्यार्थीदशेत जे केलं ते पाहिलं की तिचा निर्णय समजतो. लेखिका टान्या शेफर हिच्यासोबत ती ‘द फोर्थ मेसेंजर’ ही संगीतिका रचत होती. नाव बुद्धचरित्रातून आलंय: म्हातारा, रोगी, प्रेत आणि चौथा संन्यासी. सिद्धार्थाला घराबाहेर काढणारा तो चौथा दूत. संगीतिकेत आजच्या काळातला बुद्ध म्हणून एक स्त्री उभी आहे, ‘मामा सिड’ या नावाची. २०१३ च्या सुरुवातीला बर्कलीत ही संगीतिका प्रथम रंगमंचावर आली. घर सोडून जाणाऱ्या बाईला जग तेच प्रश्न विचारतं का जे त्यानं सिद्धार्थाला विचारले, ही त्यातली कळीची गोष्ट आहे. बुद्धाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला हा बदल लगेच भिडतो, कारण मागं राहिलेल्या यशोधरेबद्दल आपल्याकडंही बरंच लिहिलं, बोललं गेलंय.

त्याच वर्षी पदवी पूर्ण झाली आणि ‘एम्स’ हा अल्बम तिनं स्वतः प्रकाशित केला. पाचही अल्बमांतला हा सगळ्यात धीट. शहरं, आर्थिक विषमता, नव्यानं उभं राहणं हे विषय वर्गात आणि डेट्रॉइटच्या रस्त्यांवर तिच्यासमोर होते. पुढं ती डेट्रॉइटमध्येच राहून सल्लागाराची नोकरी करू लागली आणि गाणं त्याच्या बरोबरीनं चालू राहिलं. पुढच्या अल्बमची घाई करणारं कुणी मागं नव्हतं.

‘एम्स’मध्ये ‘द हिम ऑफ अ‍ॅक्सिअम’ नावाचं गाणं आहे. अ‍ॅक्सिअम ही लोकांच्या खरेदीची, सवयींची माहिती गोळा करून विकणारी अमेरिकन कंपनी. गाण्यातला आवाज त्या माहितीच्या साठ्याचा आहे. तो ऐकणाऱ्याशी देवासारखा बोलतो, तुझं सगळं मला ठाऊक आहे, तू एकटा नाहीस असं सांगतो. कान उघडे ठेवून ऐकलं तर पहिल्यांदा चर्चमधलं प्रार्थनागीत वाटतं. आवाजावर आवाज चढत जातात, सगळे टेंगचेच, यंत्रातून फाकवलेले. मध्येच एखादा स्वर इतका गुळगुळीत होतो की तो माणसाच्या गळ्यातून निघालाय याची खात्री उरत नाही. शब्द उमगू लागले की अंगावर काटा येतो. संगणकशास्त्र शिकलेल्या, सिस्कोत काम केलेल्या, व्यवस्थापनाच्या वर्गात बसलेल्या बाईलाच हे गाणं सुचू शकत होतं.

पियानोवादक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईच्या सगळ्यात अस्सल गाण्यात पियानो नाही. वाद्यांविना गाणाऱ्या कॉलेजच्या गटांनी ते उचललं आणि ती ज्या प्रकारच्या गटात स्टॅनफर्डला गायली होती, तशी पोरं आता अर्धगोलात उभी राहून ते म्हणतात. समोर कीबोर्ड नाही, माइक नसला तरी चालतं, आणि खोलीत न्यायला स्वतःच्या गळ्याशिवाय काही लागत नाही.